शाकाहारी गल्लीतले मासे

दुसऱ्याच्या घरी गेलं की माणूस चपला काढतो, ओसरीवर टेकतो, पाणी मागतो. दत्तूअण्णा थेट मागच्या अंगणात जाऊन विहिरीत डोकावत. आमच्या धाकट्या भावजयीची ओटी भरायचा कार्यक्रम चालू होता, तेव्हाही ते बायकांमधून वाट काढत मागे गेले आणि तिथूनच ओरडले, "मास्तर, तुमच्या पाण्यात अळ्या आहेत." पाहुण्या बायकांनी हातातले सरबताचे पेले हळूच खाली ठेवले. माझी बायको पुढे महिनाभर त्यांचं नाव काढू देत नव्हती.

लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस. जुन्या हुबळीत आमची भिंतीला भिंत लागून घरं. अण्णांचं कोप्पीकर रोडवर कंदिलांचं दुकान होतं. घरात ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण, दोघंच. आई लवकर गेल्यामुळे अक्कांनीच त्यांना वाढवलं होतं. स्वतःच्या लग्नाचं अण्णांनी कधी मनावर घेतलं नाही.

त्यांना हे वेड लागलं ते दुकानातल्या गॅसबत्तीमुळे. कुणा सरकारी डॉक्टरांचं हिवतापावर व्याख्यान होतं आणि बत्ती भाड्यानं गेली होती. कुणी काच फोडू नये म्हणून अण्णा स्वतः जाऊन बसले. बत्ती शाबूत परत आली, माणूस काही परत आला नाही. हिवतापाचे डास विहिरीच्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतात आणि बारके मासे त्या अळ्या खातात, एवढं ऐकून ते जे उठले ते पुन्हा स्वस्थ बसले नाहीत.

"प्रयोगानं सिद्ध झालंय, री," हे त्यांचं कानडी वळणाचं पालुपद. गिऱ्हाईक कंदिलाची काच मागायला आलं, तर यंदा थंडी वाजून ताप आला होता का, हे सांगितल्याशिवाय त्याला काच मिळत नसे. पुढे पुढे सगळंच सिद्ध व्हायला लागलं. खिडकी उघडी टाकून झोपणं सिद्ध झालं, जेवताना न बोलणं सिद्ध झालं. तपकिरीनं बुद्धी मंद होते हेही एकदा माझ्या नाकासमोर सिद्ध झालं, तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

उणकलच्या तळ्यावरून ते लोणच्याच्या बरणीत बोटाच्या पेराएवढे मासे आणत. आमची गल्ली अशी, की तिथे अंड्याचं नाव घ्यायचीसुद्धा चोरी. समोरचे बसप्पा म्हणाले, "मासे सोडलेलं पाणी आम्ही प्यायचं होय?"

"तुम्हाला मासा खा म्हटलंय का? तो अळ्या खाईल. मांसाहार त्याचा, ताप तुमचा जाईल."

वर्षभरात अख्ख्या शाकाहारी गल्लीच्या विहिरींतून मासे फिरू लागले, आणि खरं सांगायचं तर तापाचे रोगी कमीही झाले.

राहिली फक्त अण्णांची स्वतःची विहीर. अक्कांचं सोवळं कडक. भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं.

"अक्का, नदीत मासे नसतात काय?"

"नदी वाहती असते."

"विष्णूचा पहिला अवतार मासाच ना, हौदल्ला?"

"हौदु. पण आमच्या विहिरीत घे म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साकु, पुरे आता. जेवायला बैस."

आणि नेमका दरवर्षी ताप यायचा तो अक्कांना. त्या वर्षी उन्हाळ्यातच त्या आजारी पडल्या. आणखी एकदा ताप उलटला तर झेपायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णांनी विहिरीवर जुनी मच्छरदाणी ताणून बांधली. अक्कांनी ती सोडली, धुतली आणि वाळत घातली. अण्णांचं दुकानात लक्ष लागेना. दुपारीच घरी येत आणि अंगणात येरझाऱ्या घालत.

मी म्हटलं, "अक्का कीर्तनाला गेल्या की सोडून द्या चार मासे. त्यांना कळणारही नाही."

ते थबकले. "तिनं वाढलेलं मी कधी तपासून खाल्लंय का, मास्तर? घरचं पाणी तीही तशीच पिते." आणि पुन्हा चालू लागले.

भाद्रपदात ताप आला, पण तो अण्णांना. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी पलंग हलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्या मागच्या दारात उभ्या. हातात जुनी बादली.

"मास्तर, तुमच्या विहिरीतले थोडे मासे काढून द्या."

मी फडक्यानं धरून दिले. त्यांनी बादली अंगापासून लांब धरली, तोंड फिरवलं आणि आपल्या हातानं विहिरीत रिकामी केली.

ताप जरा उतरल्यावर ही बातमी द्यायला मीच धावत गेलो. "अण्णा, जिंकलात. अक्कांनी स्वतः मासे सोडले."

ते ताडकन उठून बसले. "मग ती पाणी कुठलं पिते?"

हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. आतून अक्का म्हणाल्या, "शहाळी आणलीत. होगलि बिडु, जाऊ दे. माझी तहान ती केवढी."

अण्णा भिंत धरत उठले आणि कळशी घेऊन निघाले. अक्का हाका मारत राहिल्या. मारुतीच्या देवळातल्या विहिरीवर पुजाऱ्यानं त्यांना बरणी घेऊन कधी फिरकू दिलं नव्हतं, म्हणून आसपास तेवढी एकच बिनमाशांची राहिली होती. मीही त्यांच्या बरोबर गेलो आणि दोराला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात अजून कढत होता.

"आंघोळ झालीय?"

"सकाळीच झाली."

"ती नाही चालत. अंगावर पाणी घ्या आणि ओलेत्यानंच काढा."

"अण्णा, तुम्ही एवढे प्रयोगवाले. त्यानं पाण्यात काय फरक पडतो?"

"काहीच नाही पडत," ते म्हणाले. "पण ती विचारील. मला खरं सांगावं लागेल."

त्या माणसाचा मला फार राग आला आणि त्याहून जास्त माया आली. मी सदरा काढून काठावर ठेवला आणि पहिली कळशी डोक्यावर ओतून घेतली.