गोयेवाल्या विश्रामरावांच्या एका अक्षराची हकीकत

नमन त्या नादास, जो आधी हवेस हलवितो आणि मग माणसांस. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, वैशाख मास, उष्मा सावलीत पंचेचाळीस अंश, ते समयी या राज्याच्या पूर्वेस कापसाचे मुलखी विश्राम इंगोले नामे असामी बर्फाच्या गोळ्यांची गाडी चालवीत असे. त्या मुलखी गावोगाव 'ळ' म्हणत नाहीत, 'य' म्हणतात. गोळा तो गोया आणि जांभळा तो जांभया. विश्राम गाडीचा पत्रा बडवोन 'जांभया गोया, घे व माय, उन्हाया पयाला' ऐसे गात असे, आणि कोणा गिऱ्हाइकाने ते मोबाइलवर टिपिले, आणि नवव्या दिवशी अवघे राज्य त्यावर नाचो लागले. मग विश्रामाचे विश्रामराव जाहले. दाढी जांभळी रंगविली, पायी सोनेरी बूट चढविले, आणि आरशांचा झगा शिवविला. आरसे अकराशे त्रेचाळीस, प्रत्येक रुपयाएवढा. मंचावर गिरकी घेतली की पहिल्या सहा रांगांचे डोळे दिपत, सातवीस काही होत नसे.

कीर्ती राजधानीस पातली आणि गानगृहाचे दिवाण धवळराव काळे यांनी बोलावू धाडिले. दिवाण वदले, "गाणे ठीक. पण जांभया? जांभया म्हणजे झोप आल्याचे लक्षण. गादीसमोर झोपेचे गाणे?"

विश्रामराव हसोन बोलिले, "झोप नाई जी धवयराव, रंग हाय तो. जांभया रंग."

"आमचे नाव धवळराव काळे."

"तेच म्हनलो ना जी. धवयराव काये."

"काये म्हणजे काय?"

"ते तुमालेच ठाव."

दरबार खदखदला आणि दिवाणांनी ती गोष्ट मनात ठेविली. मग करार जाहला, की चैत्री पाडव्यास विश्रामरावांस गानसम्राट ही पदवी हयातभर द्यावी, मात्र ळ शुद्ध यावा. जीभ वळविण्यास शिक्षक ठेविला. ळ म्हणता जिभेचे टोक मागे वळोन टाळूस लागते, य म्हणता लागत नाही, इतकाच काय तो भेद. परंतु सहा महिन्यांत दहा वेळा म्हणता चार वेळाच साधले. मग दिवाणांनी यंत्र आणविले. यंत्राने गाण्यातील ळ चे जागचा एकेक य वेचोन काढिला आणि तेथे कोणा परक्या गवयाचा ळ बसविला. विश्रामरावांनी ऐकिले, आणि पदवीचा लोभ होता, आणि सही केली.

ते गाणे कापसाचे मुलखी बाजारात वाजले. विश्रामरावांच्या मातुःश्री कौतिकाबाई भाजी निवडीत होत्या. त्यांनी पुसिले, "हा कोन गाऊन रायला?" लोक म्हणाले, "माय, तुहाच विश्राम." बाईंनी पुन्हा कान दिला आणि म्हणाल्या, "नाई. माह्या लेकाचं तोंड असं वाकडं नाई," आणि राजधानीची गाडी धरिली.

पाडव्यास मैदानी साठ सहस्र लोक जमले. मंचामागे तीस हात उंच पडदा, त्यावर गवयाचे मुख घराएवढे दिसे. दिवाणांनी कानात सांगितले, "आवाज यंत्राचा. आपण ओठ हलवावे, आणि ळ आला की जीभ वळवावी. पडद्यावर सर्व दिसते." विश्रामराव उभे राहिले, झगा लखलखला, आणि पहिल्याच रांगेत मातुःश्री, आरशांचा उजेड तोंडावर घेवोन, डोळे न मिटता बसलेल्या. यंत्र गर्जले, "जांभळा गोळा", आणि पडद्यावर सर्वांनी पाहिले की जीभ वळली नाही. यंत्र पुन्हा गर्जले; जीभ सरळ. साठ सहस्र लोक एकमेकांकडे पाहो लागले. कौतिकाबाई उठोन ओरडल्या, "काऊन रे, तुह्या तोंडात कोनाची जीभ घातली?"

दिवाण मंचामागोन खेकसले, "वळवा! पदवी जाईल!"

"जाऊ द्या जी," विश्रामराव बोलिले. "ते परत भेटन. जीभ एकच हाय." मग यंत्राची तार उपटिली, आणि पायाने मंचाची फळी बडविली, आणि विनायंत्र गाइले, 'जांभया गोया, घे व माय', आवाज विसाव्या रांगेपुढे पोहोचला नाही, परंतु विसाव्या रांगेने पंचविसाव्यास गावोन दाखविले, आणि येणेप्रमाणे मागे मागे मैदान गात गेले.

मग जे व्हावयाचे ते जाहले. पदवी गेली, झगा गानगृही जप्त, गाण्यास बंदी, आणि वर्तमानपत्री छापिले की असामी गावंढळ. विश्रामराव दाढी धुवोन मुलखी परतले आणि गाडी बाहेर काढिली.

दुसरे वैशाखी दिवाण धवळराव कामानिमित्त त्या मुलखी गेले. दुपार टळेना, घसा सुकला, आणि समोर गाडी तीच. दिवाण वदले, "एक जांभळा गोळा द्या."

विश्रामराव बर्फ किसता किसता म्हणाले, "तो नाई आपल्याकडे."

दिवाणांनी जांभळ्या बाटलीकडे पाहिले, उन्हाकडे पाहिले, आजूबाजूस कोणी नाही ऐसे पाहिले. मग हळूच बोलिले, "बरे. जांभया गोया."

"घ्या जी, काये साहेब."

एवंच, झगा गेला, पदवी गेली, अक्षर राहिले. जैसे घडले तैसे लिहिले. ज्यास शुद्ध करणे असेल त्याने आपली प्रत करावी, या प्रतीस हात लावू नये.