शुभेच्छुकांचा गोल

"अप्पाराव काका, वाढदिवस दुसऱ्याचा असतो आणि बॅनरवर फोटो तुमचा मोठा असतो, हे कसं काय?"

हा प्रश्न सायलीचा नव्हता, तिच्या मैत्रिणींचा होता. रूपा आणि बाकीच्या दोघी समोरच्या रसवंतीवर बसल्या होत्या. "विचारून दाखव, नाहीतर तू फक्त गॅदरिंगपुरती डॅशिंग," असं म्हणून त्यांनी तिला दुकानात पिटाळलं होतं. सायलीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. शेवटचा पेपर देऊन आल्यावर तिने लांब वेणी कापून टाकली होती, आणि तेव्हापासून आपल्याला काहीही जमू शकतं, असं तिचं ठाम मत झालं होतं. या मताला अजून कोणताही पुरावा नव्हता.

बजाजनगरातलं हे पाट्या आणि बॅनरचं दुकान तिच्या पप्पांचं. इंद्रजीतरावांनी कंपनीतली पाळीची नोकरी सोडून ते नुकतंच सुरू केलं होतं. दुकान म्हणजे एक लॅपटॉप, एक स्टिकर कापायचं मशीन, लोखंडी फ्रेमांचा ढीग आणि "उद्या नक्की देतो" हे वाक्य. सायलीला सुट्टीभर त्या लॅपटॉपवर बसायचं होतं. मम्मीला, म्हणजे मंजुषाबाईंना, तिला अकरावी सायन्सच्या क्लासला बसवायचं होतं. शेवटी पप्पांनी तोड काढली.

"कॉलनीतल्या बन्सीभाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर तू कर. तक्रार न येता चौकात लागला, तर सुट्टीभर लॅपटॉप तुझा. एक जरी तक्रार आली, तर सोमवारपासून क्लास."

एवढं बोलून पप्पा एका दुकानाची पाटी बसवायला पाचोडला गेले. मम्मीचं माहेर तिथलंच, म्हणून तीही गेली. सायलीला झोपायला रूपाचं घर आणि मिरवायला दुकान मिळालं. आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला तिने हा असला प्रश्न विचारला होता.

अप्पाराव म्हणजे कॉलनीतल्या प्रत्येक बॅनरवरचे पहिले शुभेच्छुक. ते चिडतील, म्हणून सायलीने दाराकडे एक पाय आधीच वळवून ठेवला होता. पण ते स्टुलावर बसले आणि मोबाईलमधले जुने बॅनर बघू लागले.

"मोठा दिसतो व्हय?"

"मागच्या वर्षी बन्सीभाऊ तुमच्या खांद्यामागून डोकावत होते काका. रूपाला वाटलं, ते फोटोत चुकून आलेत."

अप्पारावांचा चेहरा पडला. "मला वाटायचं, लोकं प्रेमानं बघायलेत." मग ते एकदम उठले. "असं कर पोरी, औंदा तूच न्याय कर. कुणी लहान नाय, कुणी मोठा नाय. मी सगळ्यांचे फोटो पाठवतो."

रसवंतीवर रूपाला ठसका लागला.

बॅनरवर शुभेच्छुकांच्या रांगेत कुणाचं तोंड कुठे आणि केवढं, यावर कॉलनीतली अर्धी माणसं एकमेकांशी बोलतात आणि उरलेली अर्धी बोलत नाहीत, हे सायलीला माहीत नव्हतं. तिला ही शाळेतली हजेरी वाटली. तिने सगळे फोटो एकाच मापाचे केले, वर्णमालेप्रमाणे लावले आणि शुभेच्छुकांच्या ग्रुपवर टाकले. जगातला अन्याय आपण चहा व्हायच्या आत मिटवला, असं तिला वाटलं. चहा झाला, तेव्हा दारात शुभेच्छुकांपैकीच कारभारी नाना उभे होते.

"ही रांग कोणी लावली?"

"वर्णमालेने लागली नाना. अ पहिला येतो."

"अ पहिला येतो, हे तुला अप्पारावनं सांगितलं का?"

सायलीने शाळेची शपथ घेतली, तरी नानांचा विश्वास बसेना. मग तिने रांग उलटी केली. आता वच्छलाबाई पहिल्या आल्या. कामगारांसाठी मेस चालवणाऱ्या वच्छलाबाई हातातल्या झाऱ्यासकट दुकानात आल्या.

"मला पुढं का ढकललं? जेवणावळ माझ्या गळ्यात मारायचा बेत दिसतोय."

"नाही हो मावशी, तुमचं नाव 'व'पासून आहे."

"मग आजवर नव्हतं का?"

रांगेच्या शेवटी गेलेल्या अप्पारावांनी ग्रुपवर फक्त हात जोडलेलं एक चित्र टाकलं. ते नुसत्या रागापेक्षा वाईट होतं.

सायली हरणारी नव्हती. तिने ग्रुपवर लिहिलं, 'वयाप्रमाणे लावू. सर्वांनी जन्मतारीख पाठवा.' ग्रुपवर अशी शांतता पसरली की मोबाईल बंद पडला की काय, म्हणून तिने तो दोनदा हलवून पाहिला. मग नानांचा फोन आला.

"मला आधी घे म्हणलं होतं पोरी, म्हातारा म्हण असं नव्हतं म्हणलं."

पाठोपाठ वच्छलाबाईंचा. "तारीख मागू नको. अंदाजानं लाव."

"किती अंदाजाने लावू मावशी?"

"कमी."

दुपारभर डोकं धरून बसल्यावर सायलीला भूमिती आठवली. वर्तुळाला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. मधोमध बन्सीभाऊ, भोवती गोल शुभेच्छुक, सगळे एका मापाचे. कुणी अगदी डोक्यावर नको आणि कुणी अगदी पायाशी नको, म्हणून तिने तो गोल किंचित फिरवला. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. नानांचा अंगठा आला, झाऱ्याच्या फोटोसकट वच्छलाबाईंचा आला, आणि जोडलेले हात सोडून अप्पारावांचाही आला. सायलीला वाटलं, आपल्यासारखी मुलगी शाळेत दर वर्षी निघत नाही. गोलात चेहऱ्यांमध्ये फटी राहिल्या होत्या. तिथे तिने झेंडूची आणि शेवंतीची फुलं भरली. कुणी सांगितलं नव्हतं. तिला सुचलं.

शहरातून फ्लेक्स छापून आला, फ्रेमवर ताणला गेला आणि संध्याकाळी चौकात उभा राहिला. सायलीने पप्पांना मेसेज केला, 'एकही तक्रार नाही.' पप्पांनी उलट लिहिलं, 'शाब्बास, राणी.' तो मेसेज तिने रूपाला मोठ्याने वाचून दाखवला. रूपाच्या आईलाही दाखवला.

सकाळी दोघी चौकात आल्या, तेव्हा दूधवाला गाडी थांबवून बॅनरपुढे हात जोडून उभा होता.

"बघ, किती आदर," सायली म्हणाली.

रूपाने सायलीला दंडाला धरून रस्त्याच्या पलीकडे नेलं. "आता बघ."

तिथून चेहरे चेहऱ्यांसारखे दिसत नव्हते. ते फुलांसारखे दिसत होते. फुलं तर फुलांसारखीच दिसत होती. सगळं मिळून एक गच्च, टपोरा हार झाला होता आणि त्या हारात बन्सीभाऊ शांतपणे हसत होते. वर वाढदिवसाच्या शुभेच्छा चांगल्या हातभर अक्षरांत होत्या. पण फोटोला हार दिसला की अक्षरं वाचतंय कोण? माणूस टोपी काढतो आणि शेजारच्याला विचारतो.

"कधी गेले?" पाळी संपवून आलेल्या एका कामगाराने सायलीलाच विचारलं.

"गेले नाहीत हो, आहेत."

"व्हय, माणूस आठवणीत असतोच," तो म्हणाला आणि डोळे पुसत निघून गेला.

तिकडे बन्सीभाऊ आंघोळ करून बाहेर आले, तर ओसरीवर शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन बसलेल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी द्यायची पिठलं-भाकरी. वाढदिवसाला केकच्या जागी पिठलं बघून भाऊंना बरं वाटलं. ते जेवायला बसले, तेव्हा पदरात तोंड खुपसून बसलेल्या एका शेजारणीने वर बघितलं आणि ती किंचाळून मागच्या दाराने पळाली. देवगाव रंगारीहून त्यांच्या सासरवाडीची जीप निघाली होती. ती अर्ध्या वाटेवरून फोन करून माघारी पाठवावी लागली, आणि जीपमधल्यांना त्याचा जरा रागच आला.

सायली दुकानात येऊन लॅपटॉपमागे जमेल तेवढी लहान होऊन बसली. शुभेच्छुक येणार, हे तिला माहीत होतं. ते आलेच.

"मपला फोटो काढ आधी," अप्पाराव धापा टाकत म्हणाले. "वाढदिवसाला असला अपशकुन. सकाळी सकाळी कुणाचं तोंड बघितलं होतं काय की."

"माझा आधी," नाना म्हणाले. "मी वयानं मोठा आहे."

"अहो, मी म्हातारी बाई," वच्छलाबाई दोघांना बाजूला सारत म्हणाल्या. "मान कुणाचा पहिला?"

सायलीने एकेक चेहरा काढला. मग फुलं काढली. उरले एकटे बन्सीभाऊ. मोकळी जागा वाईट दिसू नये, म्हणून तिने त्यांना ओढून ओढून कडेपर्यंत मोठं केलं. दुपारी नवा फ्लेक्स लागला, तेव्हा भाऊ स्वतः बघायला आले आणि बराच वेळ मान वर करून उभे राहिले.

"सायले, दरसाल माझा वाढदिवस होतो," ते म्हणाले, "पण मला गालावर तीळ आहे, हे आज कळलं."

आणि तीच पंचाईत झाली. भाऊंच्या मागे उभे असलेले अप्पाराव तो एकट्याचा, भला मोठा चेहरा बघत राहिले. थोड्या वेळाने ते दुकानात आले.

"असाच माझा एक कर. पण भाऊच्यापेक्षा वीतभर मोठा."

"तुमचा वाढदिवस कधी आहे काका?"

"ते आपण ठरवू."

नानांना अप्पारावांपेक्षा वीतभर मोठा हवा होता. वच्छलाबाई म्हणाल्या, "आधी नानाचा केवढा ठरतोय ते सांग, मग मी सांगते." संध्याकाळपर्यंत दुकानात बसायला जागा उरली नाही. वितीने मोजायचं म्हणून प्रत्येकजण आपापला हात पुढे करत होता, आणि कुणाची वीत खरी, यावर नवा वाद पेटला होता.

त्याच गर्दीत पप्पा आणि मम्मी पाचोडहून परतले. पप्पांचा चेहरा उतरला.

"काय तक्रार आहे?" त्यांनी अप्पारावांना हळूच विचारलं.

"तक्रार कसली? पोरगी लई हुशार निघाली तुमची. दुकान तिच्याच हाती द्या."

पप्पांनी मम्मीकडे बघितलं. मम्मीने गर्दीकडे बघितलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि मान हलवली. "बरं बाई, जिंकलीस. क्लासचं राहू दे. सुट्टीभर बस इथं."

सायलीने लॅपटॉप मिटला. शेजारी नाना आणि वच्छलाबाई हाताला हात लावून विती ताडून बघत होते.

"पप्पा, मम्मी, मी ठरवलंय," ती म्हणाली. "सोमवारपासून मी सायन्सच्या क्लासला जाणार. तिथं सूर्य मोठा आणि पृथ्वी लहान म्हटलं, तर पृथ्वी दुकानात येऊन बसत नाही."