दोन ओळींत एकच नाव

व्हिडिओचा सारांश निघाला आणि त्यात माणसाचं नाव आलं नाही, तर तो माणूस आमच्या उदगीरमध्ये आठव्या दिवसानंतर राहत नाही. आधी त्याचा आवाज जातो, मग तो जातो. हा नियम फक्त व्हिडिओत आलेल्या माणसांना आहे. ज्यानं व्हिडिओच काढला नाही त्याला तो लागत नाही, पण त्याचं दुकानही कोणाला सापडत नाही. आता लोक दुकान शोधत नाहीत. मोबाइलला प्रश्न विचारतात, आणि तो शंभर व्हिडिओ स्वतः बघून दोन ओळींत उत्तर देतो. त्या दोन ओळी म्हणजे सारांश.

मी तालुका सारांश कार्यालयात आवक लिपिक आहे. सारांश आम्ही लिहीत नाही आणि बदलतही नाही. आमच्याकडे अर्ज येतात, त्यावर आम्ही शिक्का मारतो आणि नियम समजावून सांगतो. सारांशात जे येतं तेच खरं ठरतं, हाही एक नियम आहे. नळेगाव रस्त्यावरच्या एका खानावळीबद्दल सारांशात 'गुरुवारी बंद' असं आलं. मालकानं सांगून पाहिलं की आपण गुरुवारीही चूल पेटवतो. तेव्हापासून गुरुवारी त्याची चूल पेटत नाही. त्यानं गुरुवारी देवदर्शन सुरू केलं.

शिवलीला पटणे पहिल्यांदा आल्या तो गुरुवार होता. वय चाळिशीच्या आत-बाहेर. सोबत वडील होते, काशिनाथअप्पा, शिलाई मशीन दुरुस्त करणारे. चौबाऱ्याजवळ त्यांचं छोटं दुकान आहे. अप्पांनी माझ्यासमोर बसून बराच वेळ तोंड हलवलं. मला काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणताहेत?" मी विचारलं.

"तेच सांगायलेत की ऐकू येईना झालंय," शिवलीलाबाई म्हणाल्या. "सोमवारपासून. गिऱ्हाईक येतं, अप्पा बोलतात, आणि गिऱ्हाईक माझ्याकडं बघून विचारतं, मिस्त्री कुठं गेलेत?"

मी सारांश काढून पाहिला. प्रश्न होता, शिलाई मशीनचा दोरा का तुटतो. उत्तर होतं: 'सुई उलटी बसली असेल तर सरळ बसवा. ताण सैल करा. तेल घाला.' अप्पांचं नाव नव्हतं.

"हे सगळं अप्पांनीच सांगितलंय," बाई म्हणाल्या. "आमच्या व्हिडिओत आहे बगा, अठराव्या मिनिटाला."

मी तो व्हिडिओ पाहिला. चोवीस मिनिटांचा होता. पहिली सहा मिनिटं अप्पा समोरच्या बाईला विचारत होते की ही मशीन माहेरची का सासरची, हिच्यावर पहिलं काय शिवलं, लेकरं किती. मग चहा आला. मग अप्पांनी मशीनच्या डोक्याला कान लावला आणि हाताचं चाक सावकाश फिरवलं. व्हिडिओ चांगला होता. पण तसं अर्जावर लिहून काही होत नाही.

"सारांश काढणारी मशीन एवढं ऐकत नाही," मी म्हणालो. "नवा व्हिडिओ काढा. प्रश्न पहिल्याच वाक्यात घ्या, लोक विचारतात त्याच शब्दांत. उत्तर वीस सेकंदांच्या आत. एका वाक्यात एकच गोष्ट. सुई, ताण आणि तेल हजार जण सांगतात, त्यामुळे तिथं कोणाचंच नाव लागत नाही. दुसरीकडे कुठेच नाही असं अप्पांकडे काही आहे का?"

अप्पांनी खिशातून सुतळीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. काळा, तेलकट.

"राखेची सुतळी," बाई म्हणाल्या. "दोरा जातो त्या वाटेवर लोखंडाला बारीक खाच पडती. डोळ्याला दिसत नाही. अप्पा सुतळीला तेल आन चुलीची राख लावून ती खाच घासतात. पुन्हा दहा वर्षं दोरा तुटत नाही."

"मग तीच सांगा. आणि नुसती सुतळी म्हणू नका. प्रत्येक वेळी काशिनाथअप्पांची सुतळी म्हणा. नाव गोष्टीला असं चिकटलं पाहिजे की गोष्ट उचलली की नावही उचललं जाईल."

अप्पा पुन्हा काहीतरी बोलले. शिवलीलाबाईंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं.

"म्हणायलेत, स्वतःचं नाव स्वतः घेऊ नये."

"ते तसंही घेऊ शकत नाहीत," मी म्हणालो. "त्यांचा आवाज मशीनला ऐकू जाणार नाही. दुसऱ्या कोणीतरी बोलावं लागेल."

"मी बोलते."

इथं मला नियम सांगावा लागला. "तुम्ही आजवर कॅमेरा धरत होता. बोललात की तुम्हीही व्हिडिओत आलात. मग तुमचंही नाव सारांशात यावं लागेल."

"मग दोघांचंही घेते."

"दोन ओळींत एकच नाव बसतं. आजवर दोन बसलेली मी पाहिली नाहीत. दुसरं कोणी आहे का घरात?"

"कोणी नाही. आई गेली. मी सासरहून परत आले त्याला बारा वर्षं झाली."

अप्पा उठून उभे राहिले होते. दोन्ही हात जोरजोरात हलवत होते, तोंड वेडंवाकडं होत होतं. ओरडत असावेत. कार्यालयात शांतता होती. पलीकडच्या टेबलावर सहकारी डबा खात होता, त्यानं वर पाहिलंही नाही.

"काय म्हणताहेत?" मी विचारलं.

"काही नाही," शिवलीलाबाई म्हणाल्या. "घरी चला म्हणायलेत."

व्हिडिओ शुक्रवारी आला. पन्नास सेकंदांचा. शिवलीलाबाई दुकानात उभ्या होत्या. सुती साडी, केस घट्ट बांधलेले. त्यांनी विचारलं, शिलाई मशीनचा दोरा का तुटतो? आणि उत्तर दिलं, खाच पडल्यामुळे तुटतो, ती उदगीरच्या काशिनाथअप्पांच्या राखेच्या सुतळीनं जाते. अप्पांचं नाव त्यांनी चार वेळा घेतलं, स्वतःचं एकदाही नाही. बाजूला अप्पा स्टुलावर बसलेले दिसत होते. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, लेकीकडे बघत होते.

रविवारी नवा सारांश निघाला: 'दोरा तुटत असल्यास खाच तपासा. उदगीरचे काशिनाथअप्पा पटणे तेल आणि राख लावलेल्या सुतळीनं ती घासून काढतात.' त्याच दुपारी अप्पांचा आवाज आला. शेजारच्या टेलरनं सांगितलं, त्यांचा पहिला शब्द 'शिवे' हा होता. आणि तिनं ओ दिली तेव्हा तिचा आवाज फाटल्यासारखा येत होता.

गुरुवारी बाई एकट्याच आल्या. बोलता येत नव्हतं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'हरकत घेता येते का?'

"येते," मी म्हणालो. "निकालाला तीस दिवस लागतात."

त्यांनी बोटांवर मोजलं. मग लिहिलं, 'माझा वेगळा व्हिडिओ काढला तर?'

"कोणी विचारत नाही त्याचा सारांश निघत नाही. तुमच्याबद्दल कोणी काही विचारतं का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढून मला दाखवलं आणि लिहिलं, 'दुकानात चिठ्ठ्या लावायच्यात. शटल कुठं, बॉबिन कुठं. अप्पांच्या बीपीच्या गोळ्या कुठं. त्यांना काही सापडत नाही.' मी त्यांना आमच्याकडची मोठी कात्री दिली. ती त्यांनी शनिवारी परत पाठवली. सोमवारी आठ दिवस पूर्ण झाले.

मंगळवारी अप्पा आले. आवाज खणखणीत होता. माणूस मात्र निम्मा झाला होता.

"साहेब, माझं नाव काढून तिचं घाला."

"सारांश आम्ही बदलत नाही अप्पा."

"मग मी उद्या सांगतो की राखेची सुतळी लेकीनं काढली. खोटं बोलतो."

"उपयोग नाही. तो प्रश्न आता भरला आहे. दुसरा प्रश्न लोकांनी विचारायला हवा."

"कसला?"

"तिच्याबद्दलचा."

अप्पा म्हणाले, "किती लोकांनी?"

"ते कार्यालयाला कळवलेलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी दुकानात नवी रीत लावली. गिऱ्हाइकानं मशीन खाली ठेवली की ते म्हणत, "आधी मोबाइल काढा. विचारा, शिवलीला कोण. मग मी हात लावतो." लोक विचारत. सारांशामुळे गर्दी वाढली होती. देगलूर, भालकी, अहमदपूरहून मशिनी येत होत्या. अप्पा पुढचाही प्रश्न विचारायला लावत, शिवलीला कुठं आहे. प्रत्येकाला एकच उत्तर यायचं: 'या विषयावर पुरेशी माहिती उपलब्ध नाही.' अप्पा म्हणायचे, "असू द्या. विचारलं ना? बास." आणि कामाला लागायचे.

एका बाईनं विचारलं, "कोण आहे हो ही?" तेव्हा अप्पांनी सुतळी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. ती आठवीत असताना हातचाकात तिचं बोट अडकलं ते, तिला कारलं आवडायचं ते, सासरहून आली त्या दिवशी काही न बोलता तिनं दुकान झाडलं ते. बाईची एसटी चुकली. पण हे सगळं कोणी मोबाइलवर घेतलं नव्हतं, त्यामुळे ते धरलं गेलं नाही.

दीड महिन्यानं सारांश निघाला. तो छापून माझ्या टेबलावर आला तेव्हा मी दोनदा वाचला. 'शिवलीला: उदगीर परिसरातील शिलाई मशीनचा एक जुना प्रकार. काशिनाथअप्पा पटणे यांच्या दुकानात आढळते.'

सारांशात आलेली वस्तू जागेवर आहे का, या पाहणीला मी गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. ती खिडकीजवळ उभी होती. काळी, पायाची, लाकडी पाटाची. कंपनीचं नाव कुठं नव्हतं. अप्पा तिच्या शेजारी जमिनीवर बसून पायाचं पॅडल पुसत होते.

"कधी आली?" मी विचारलं.

"काल दार उघडलं तर होती."

"चालते?"

त्यांनी चिंधी लावून चाक फिरवलं. टाका सरळ आला, बारीक, एकसारखा. खाच कुठंच नव्हती. अप्पांनी तिच्या डोक्याला कान लावला आणि तसेच थांबले. मी वाट पाहिली. बाहेर दोन गिऱ्हाइकं मशिनी घेऊन उभी होती, तीही थांबली.

"साहेब, ही बोलेल काय कधी?"

"तसं सारांशात नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि चिंधी काढून घडी घातली.

पाहणीचा तक्ता मी भरला. वस्तू जागेवर आहे. चालू स्थितीत आहे. विक्रीसाठी नाही. शेवटचा रकाना मालकाचा होता, तो ज्याचा त्यानं भरायचा असतो. अप्पांनी चष्मा लावला, पेन हातात घेतलं आणि सावकाश लिहिलं: वडील.

त्या रकान्यात नाव लिहायचं असतं. मी खाडाखोड केली नाही. शिक्का मारून तक्ता नस्तीला लावला.