पुढून मऊ, मागून कडक

"एक गाडी, दोन स्वभाव!" डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "आई बरोबर असल्या की पाळणा, एकटा असलो की वाघ! फक्त नॉब फिरवायचा अवकाश!"

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावायचं आणि स्वतःचं घरी येऊन उघडायचं, असा त्यांचा दिनक्रम. आणि ते उघडलं की त्यातून गाडीच निघायची! गाडी लाल. उभी असली की कुणाच्याही घरची वाटेल इतकी साधी. पण ॲक्सिलरेटरवर पाय पडला की पाठ सीटला चिकटलीच म्हणून समजा. अशा या गुणी गाडीत डॉक्टरांच्या मते एकच खोट होती. वळणावर ती किंचित झुकायची.

"मला तर नाही जाणवत," बायको म्हणाली.

"तुला नाहीच जाणवणार! माझ्या हाताला केसाएवढा फरक कळतो. धंदाच आहे तो माझा!"

बायको शाळेत मुख्याध्यापिका. लांबण लावणं तिला ठाऊकच नाही.

"रोज गाडीत कोण बसतं?"

"मी."

"आणि?"

"आई," डॉक्टर जरा हळू आवाजात म्हणाले.

आई म्हणजे सासूबाई. जन्मभर त्यांनी मुलींना शिवणकाम शिकवलं, आणि आता कमरेची नस दबल्यामुळे वॉकरसकट लेकीकडे आल्या होत्या. डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरच त्यांचं व्यायामाचं केंद्र. रोज सकाळी जावई त्यांना सोडायचे. व्यायाम उरकला की त्या स्वतःकडच्या किल्लीनं गाडी उघडून बसायच्या आणि दुपारी दोघं मिळून जेवायला घरी यायची. जावयावर त्यांचा भारी जीव. डॉक्टरांच्या अंगात पहिला पांढरा कोट चढला, तोही त्यांच्याच हातचा.

"तुमच्या हौसेपायी आईची कंबर एकदा जरी दुखली," बायको म्हणाली, "तर ही गाडी जाईल आणि तिच्या जागी मोठी, ऐसपैस, पांढरी गाडी येईल. आमचे पीटीचे सर कधीपासून मागताहेत ही लाल."

पांढरी हा शब्द ऐकून डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. पण हौस ती हौस! एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन, असं त्यांचं संशोधन पुन्हा सुरू झालं. नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकाव्यात, तर गाडी दिसायला झकास आणि खड्ड्यात आपटायला दणदणीत. कायमचे कडक शॉकअप टाकावेत, तर रस्त्यापेक्षा घरातच जास्त दणके बसणार. शेवटी त्यांनी ते नॉबवाले, कमी-जास्त करता येणारे शॉकअपच निवडले. सासूबाई खूश, बायको खूश, वळणं खूश!

मिस्त्रीनं ते बसवले, गाडी घरी आणून दिली आणि पार्किंगमध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं. पुढच्या चाकांचे दोन नॉब बॉनेटखाली. मागचे दोन डिकीत, कापडी झडपेमागे. उजवीकडे फिरवलं की कडक, डावीकडे फिरवलं की मऊ.

"चारही बरोबर मधे ठेवलेत," तो म्हणाला. "काही दिवस हात लावू नका."

"अगंबाई, म्हणजे शिलाई मशीनच्या टेन्शनसारखंच की!" सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर प्रेमानं हसले. "आई, हे प्रकरण जरा वेगळं असतं."

मिस्त्री वळणावर दिसेनासा होतो न होतो तोच डॉक्टरांनी चारही नॉब उजवीकडे शेवटपर्यंत पिळले. मधेच ठेवायचे होते, तर कमी-जास्तवाले घेतले कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी निघाली. रस्त्यावरून मुंगी गेली तरी बुडाला कळावं अशी गाडी झाली होती! वळण असं कापलं की डॉक्टरांनी शीळच घातली.

"कशी वाटते, आई?"

"छा-छान आ-आहे हो," सासूबाई म्हणाल्या. एवढ्याशा वाक्यात त्यांना दोन खड्डे लागले.

केंद्रापाशी त्या उतरल्या, दाराला धरून क्षणभर उभ्या राहिल्या आणि ओठ मिटून हसल्या. त्या 'आई गं' म्हणाल्या असत्या तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. हसल्या, म्हणून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय हा आपला आडदांडपणा! त्यांनी तिथल्या तिथे बॉनेट उघडलं, डिकी उघडली आणि चारही नॉब डावीकडे शेवटपर्यंत फिरवून टाकले. घरी मात्र याचा चकार शब्द काढला नाही. एवढ्या फुशारक्या मारल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार?

आता गाडी होडीसारखी हलायला लागली. डॉक्टर मुकाट्यानं चालवत होते. शीळ बंद. मित्राचा फोन आला तर म्हणाले, "मजा गेली रे. पण जाऊ दे, आईंची कंबर महत्त्वाची."

त्यांना वाटलं, मागे उभ्या असलेल्या सासूबाई लिफ्टची वाट बघताहेत. त्या ऐकत होत्या! सासूबाईंना भरूनच आलं. या लेकरानं आपल्यासाठी एवढी हौस मारली? नाही, हे काही बरोबर नाही. आपण काय, दोन दणके सोसू.

त्याच दिवशी व्यायाम उरकल्यावर त्या एकट्या गाडीपाशी आल्या. आधी बॉनेट उघडायला गेल्या. हॉर्न वाजला, वायपर सुरू झाले, बॉनेट काही हललं नाही. डिकी मात्र रोजच्या ओळखीची, त्यांचा वॉकर तिथेच असायचा. त्यांनी कापडी झडप सारली आणि दोन्ही नॉब टक टक टक करत उजवीकडे शेवटपर्यंत नेले. निदान मागून तरी जावईबापूंची हौस भागू दे!

आणि भागली की! त्या दुपारी स्पीडब्रेकर आला. गाडीनं पुढून वाकून नमस्कार केला आणि मागून सणसणीत लाथ झाडली. डॉक्टरांचा चष्मा नाकावरून खाली आला.

"काय झालं हो?" सासूबाईंनी निरागसपणे विचारलं.

"काही नाही, काही नाही. रस्ता खराब आहे."

केसाएवढा फरक कळणाऱ्या हाताला काही म्हणजे काही उमगेना. संध्याकाळी डॉक्टरांनी मिस्त्री गाठला. मिस्त्रीनं डिकीत डोकं घातलं.

"डॉक्टर, मागचे तुम्ही पूर्ण कडक केलेत."

"मी? मी तर मऊ केले होते!"

मिस्त्रीनं ते पुन्हा मऊ केले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा नमस्कार, पुन्हा लाथ! डॉक्टर पुन्हा मिस्त्रीकडे.

"सवयीनं फिरवत असाल," मिस्त्री चाचरत म्हणाला. "माणूस कधी कधी तंद्रीत असतो."

"मी तंद्रीत असतो? मी लोकांच्या दाढा काढतो!"

मग त्यांनी शॉकअप विकणाऱ्याला फोन लावला. "तुमचे शॉकअप आपोआप कडक होतात!"

"आपोआप? साहेब, तसं असतं तर आम्ही त्याचीच जाहिरात केली नसती का?"

मग संशय आला वॉचमनवर. त्याला विचारलं, तर त्यानं सलाम करणंच सोडलं. सासूबाई हे सगळं बघत होत्या आणि मनातल्या मनात खंतावत होत्या. रोज एवढे कडक करते, तरी हा माणूस हसत का नाही?

शेवटी व्हायचं तेच झालं. रविवारी बायको मागच्या सीटवर बसली, मांडीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. पहिल्याच स्पीडब्रेकरला सगळा सहावीचा वर्ग तिच्या डोक्यावरून पुढे गेला! आणि सासूबाई रुमाल तोंडाशी धरून पुटपुटल्या, "थोडं मळमळतंय गं."

"बस!" मुख्याध्यापिका बोलल्या. "उद्या संध्याकाळी पीटीचे सर गाडी बघायला येतील."

डॉक्टरांनी मागचे नॉब पुन्हा मऊ केले, पण आता उशीर झाला होता. रात्री त्यांनी ताट तसंच सारलं. बायकोलाही ते बघवेना, पण आईची कंबर तिलाही महत्त्वाची. आणि सासूबाई तर आपल्या खोलीत डोळे पुसत बसल्या. आपल्यापायी त्या लेकराची गाडी चालली!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांना आणायला बायको फाटकाकडे गेली. तेवढ्यात "बॅटरी बघून येतो" म्हणून डॉक्टर पार्किंगमध्ये सटकले. बेत साधा होता. पुढचा एक नॉब पूर्ण कडक, दुसरा पूर्ण मऊ! गाडी बदकासारखी चालेल आणि सर पळून जातील. त्यांनी बॉनेट वर केलं आणि आत वाकले.

पाठोपाठ वॉकर टेकत सासूबाई आल्या. बेत त्यांचाही साधाच होता. मागून अशी कडक करायची की सरांनी पुन्हा नाव काढता कामा नये! पार्किंगच्या मागच्या दारानं येऊन त्यांनी डिकी उघडली आणि आत हात घातला. मधे गाडी. पुढे बॉनेटचं झाकण, मागे डिकीचं झाकण. याचा त्याला पत्ता नाही!

बायको सरांना घेऊन आली तेव्हा गाडीची दोन्ही तोंडं आ वासून उघडी होती. पुढच्या झाकणाखाली दोन बूट, मागच्या झाकणाखाली दोन चपला आणि वॉकर. दोन्हीकडून आवाज टक टक टक!

"कोण आहे तिकडे?" शाळेच्या पटांगणावरचा आवाज पार्किंगमध्ये घुमला. "दोघंही समोर या!"

पुढून डॉक्टर आले, मागून सासूबाई आल्या. दोघांचेही हात काळे.

"आई, तुम्ही?"

"अगंबाई, जावईबापू, तुम्ही?"

"मी इतके दिवस तुमच्यासाठी मऊ करत होतो."

"आणि मी तुमच्यासाठी कडक करत होते!"

मुख्याध्यापिकेनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा आईकडे. "म्हणजे हे तुझ्यासाठी, तू यांच्यासाठी, आणि दोघं मिळून माझ्या उत्तरपत्रिका उडवत होतात!" तिला रागवायचं होतं, पण ओठ ऐकेनात. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिनं आईचा काळा हात आपल्या पदरानं पुसला. "माफ करा सर, गाडी विकायची नाही. आधी मला ही दोन मुलं सुधारायची आहेत."

"नाही, नाही, मला काही घाई नाही," सर एकेक पाऊल मागे घेत म्हणाले.

मग सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. आधी सगळं शेवटपर्यंत मऊ, मग टक टक ऐकत मधोमध. पुढचे नॉब जावयानं फिरवले, मागचे त्यांनी स्वतः. चारही सारखे! सर निघून गेले आणि तिघंजण फेरी मारायला बाहेर पडले.

काय सांगू तुम्हाला! खड्डा आला, गाडीनं गिळला. स्पीडब्रेकर आला, गाडी अलगद पार. ना नमस्कार, ना लाथ! डॉक्टरांची शीळ परत आली.

"पाहिलंत? निवड म्हणतात ती ही! कसं वाटतंय, आई?"

सासूबाई डोळे मिटून आरामात रेलल्या होत्या. "फार छान हो, जावईबापू! अगदी पहिल्यासारखी झाली."

"पहिल्यासारखी म्हणजे?"

"म्हणजे हे सगळं बसवायच्या आधी होती ना, तश्शी!"

शीळ थांबली. मागच्या सीटवर बायको एकाएकी खिडकीबाहेर फारच लक्ष देऊन बघायला लागली. पुढे वळण आलं, डॉक्टरांनी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळली.

"अहो," बायकोनं हळूच विचारलं, "आत्ता वळणावर जराशी झुकली का?"

"छे!" डॉक्टर समोर बघत म्हणाले. "मला तर नाही जाणवलं."