तिनाचा आठ

तिकीट तपासनिसाने अनसूयाबाईंचं सवलतीचं कार्ड खिडकीच्या उजेडाला धरलं आणि म्हटलं, "अक्का, हे कार्ड मुगीत री. मुदत मार्चातच संपली."

अनसूयाबाई जन्मापासून अंध. हुबळीच्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. शेजारी त्यांचे यजमान प्रभंजनराव, धारवाडच्या शाळेतले माजी ड्रॉइंग मास्तर. त्या कार्डावर बाईंना आणि त्यांच्या सोबत्याला, दोघांनाही सवलत मिळायची. भाचीच्या बाळाच्या बारशाला दोघं अळणावरला निघाले होते.

"मार्च कसा?" प्रभंजनराव म्हणाले. "आठवा महिना आहे. ऑगस्ट."

"तीन आहे सर."

"मी पोरांना आकडे गिरवायला शिकवलेत. आठ आहे."

तपासनिसाने वाद न घालता पावतीपुस्तक काढलं. सगळा डबा ऐकत होता. अनसूयाबाईंचे कान तापले. फुकट्या प्रवाशांत आपली गणना व्हावी हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. शिवाय छापील अक्षराच्या बाबतीत नवऱ्याचा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता.

"दंड भरते," त्या म्हणाल्या. "पण उद्या हुबळीच्या ऑफिसात जाऊन हा आठ तुमच्या साहेबांना दाखवणार."

बारशात बाळाचं नाव काय ठेवलं, ते परत येईपर्यंत दोघंही विसरले.

सकाळी प्रभंजनराव चपला घालायला तयार होईनात. "जाऊ दे ना गं. मोठी माणसं आपण, कशाला भांडत बसायचं?"

"आठ आहे ना?"

"आहे."

"मग चला."

दोघं बसने हुबळीला गेले. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, "तीन."

अनसूयाबाईंनी कार्ड रांगेतल्या मागच्या माणसाला दिलं. "मूरु," तो म्हणाला. दाराशी बसलेला शिपाईही म्हणाला, "मूरु." चहाची किटली घेऊन चाललेल्या माणसाला त्यांनी आवाजावरून अडवलं. तो म्हणाला, "मूरु री अक्का. तीन."

"सगळे एका ऑफिसचे," प्रभंजनराव पुटपुटले.

"चहावालासुद्धा?"

अनसूयाबाईंनी कार्ड परत घेतलं. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "अहो, या काउंटरवरच्या बाई कुठल्या रंगाची साडी नेसल्यात?"

"निळी."

काउंटरमागून हळूच आवाज आला, "मी ड्रेस घातलाय सर."

"दंड बरोबर आहे तुमचा," अनसूयाबाई काउंटरवर म्हणाल्या. "आता इथं जवळ डोळ्यांचा दवाखाना कुठं आहे तेवढं सांगा."

रिक्षात त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. धुरकट दिसतं. घरात बघणारा मी एकटा. तुला सांगायचं तरी कसं?"

"मग रोज सकाळी पेपर कसा वाचून दाखवता?"

"मथळे दिसतात."

"आणि खालचं?"

प्रभंजनराव रिक्षाच्या बाहेर बघू लागले. "खालचं मनानं."

"म्हणजे तो गोकुळ रोडच्या कारखान्यात शिरलेला बिबट्या?"

"मथळ्यात कारखाना होता."

"मी तिथं जवळच तारिहाळला राहणाऱ्या बँकेतल्या अनिताला फोन करून पोरांना घरात ठेवायला सांगितलं! आठवडाभर तिनं शाळेत पाठवली नाहीत."

"मला वाटलं, तुला गोष्ट आवडतेय."

रिक्षावाला खोकला. तो हसू दाबत होता, हे अनसूयाबाईंना ओळखू आलं. मग त्यांनाही हसू फुटलं. पण त्यांनी नवऱ्याच्या हातावरची पकड सैल केली नाही.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकत आलेला मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. प्रभंजनराव म्हणाले, "पावसाळा संपला की बघू."

"सोमवारी," अनसूयाबाई म्हणाल्या.

सोमवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी सिस्टर औषधाच्या बाटल्या घेऊन बाहेर आली. "पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी."

सिस्टरने त्यांची पांढरी काठी बघितली, मग त्यांच्या मागे आणखी कोणी आहे का ते बघितलं. कोणी नव्हतं.

"थेंब कुठले, कधी घालायचे ते एकदा सांगा," हात पुढे करत अनसूयाबाई म्हणाल्या. "लहान बाटली सकाळची का?"

"हो अक्का."

एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यापुढे धुकं, अशा अवस्थेत प्रभंजनराव बाहेर आले आणि चाचपडत बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. अनसूयाबाईंनी दाराशी काठी टेकवून बघितली.

"पायरी आहे," त्या म्हणाल्या. "सावकाश या."