पैवंदाचें दुसरें टोंक

श्री अहुरमज्द समर्थ. यज्दगर्दी सन अकराशें अठ्याण्णव, शके सत्राशें पन्नास, सर्वधारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं समुद्रकांठच्या एका राज्यांत जें वर्तमान घडलें तें ऐकिलें तैसें लिहिलें असे. राज्याचें नांव पुसों नये. तें सांगावयास आतां तेथें कोणी राहिलें नाहीं.

त्या राज्याचे धनी आतषपादशहा, म्हणजे साक्षात अग्नि. अग्यारीच्या आंतल्या दालनांत, चांदीच्या पात्रांत, राखेच्या गादीवर ते विराजमान असत आणि डोईवर छताला मुगुट टांगिला असे. पूर्वज इराण सोडून गलबतांनीं आले तेव्हां त्यांनीं ही पादशाही स्थापिली, आणि मग कित्येक पिढ्या तीस विझों दिलें नाहीं. दिवसरात्रींत पांच वेळां मोबेदानें, म्हणजे अग्नीच्या पुरोहितानें, न्हाऊन, कंबरेस कुस्ती नांवाचें पवित्र लोकरी सूत्र बांधून, श्वासाचा विटाळ न व्हावा म्हणून तोंडावर पडदा घेऊन आंत जावें आणि लांकूड अर्पावें आणि घंटा वाजवून अवस्तेची प्रार्थना म्हणावी, ऐसा शिरस्ता. पूर्वीं दोनशें घरें रयत होती, सात मोबेद होते, यस्न नांवाच्या पूजापाठाचे बहात्तर अध्याय दोघे दोघे बसून म्हणत. मग बंदर गाळानें भरलें आणि व्यापार मोठ्या शहरीं गेला आणि व्यापारामागें माणसें गेलीं, आणि जो तो 'पुढल्या नवरोजाला येतों' म्हणून गेला. तो नवरोज अद्याप उगवावयाचा आहे. शेवटीं दरबारीं राहिले कोण, तर वजीर, पुरोहित आणि पाणक्या मिळून एक एर्वद बरजोरजी, साठी उलटलेले; रयत म्हणून एक आवांबाई, मोबेदाची विधवा, ऐशीची, जी बहात्तर धाग्यांच्या कुस्त्या विणीत बसे आणि त्या बांधणार कोण हें पुसत नसे; आणि फौज म्हणून कबरा नांवाचा कुत्रा, डोळ्यांवर दोन ठिपके म्हणून चार डोळ्यांचा म्हणविला जाणारा. फौज फार निष्ठावंत होती, भाकरीपुरती तरी.

यस्नास दुसरा मोबेद लागतो, तो नसल्यामुळें सहा वर्षें तो पाठ बरजोरजींच्या मुखांतच अडकून राहिला. कधीं समोरच्या रित्या आसनाकडे पाहून ते एक ओळ म्हणत आणि उत्तराची वाट पाहत, मग आपले आपणच लाजत. एकटेपण फार वाईट. दिवसांतून दोन घटका आवांबाई बोले, तेवढ्यावर हा मनुष्य जगत होता.

त्या मार्गशीर्षांत आवांबाईनें अंथरूण धरिलें. आतां या धर्माचा सक्त कायदा ऐसा कीं मृतदेहास एकट्यानें हात लावूं नये. दोघांनीं लावावा, आणि दोघांमध्यें एक पांढरा कपडा धरावा, त्यास पैवंद म्हणती. एकटा उचलील तर नसु नांवाची अवदसा त्यावर झडप घालिते. आणि ज्यानें उचलिलें त्यास नऊ रात्रींचें शुद्धीकरण, तेंही दुसऱ्या मोबेदाच्या हातून. तोंवर पादशहांचें दर्शन बंद. म्हणून मयत वाहणारे खांधिये निराळे असतात, आणि येथें एकही नव्हता. बरजोरजींनीं शहरास पत्र धाडिलें होतें.

"आवांमाय, पत्र गेलंय. दोघे येतील," ते म्हणाले.

"येतील. मी मेल्यावर आठ दिवसांनी येतील, जेवून जातील," आवांबाई बोलली. "हे बघ डिकरा, तू मला हात लावायचा नाही. तू बाटलास तर आत लाकूड कोण घालणार? मी पडून राहीन. मला काय घाई आहे?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आवांबाई पैगंबरवासी झाली.

तीन दिवस आत्मा उशाशीं बसतो आणि चौथ्या पहाटे परलोकींचा चिन्वत पूल ओलांडतो, ऐसें शास्त्र. तो उशाशीं बसून काय पाहील, आपला देह कोणीं उचलिला नाहीं हेंच ना, ऐसें बरजोरजींच्या मनांत आलें आणि त्यांस रडें आवरेना. इतक्यांत शेजारचा धाकू नाखवा फाटकाबाहेरून म्हणाला, "दस्तूरबाबा, आमी चौघं हाव. खांदा देताव."

"उपकार आहेत, नाखवा. पण आमच्यात परक्याचा हात चालत नाही."

"मंग तुमचं कोण हाय?"

बरजोरजींनीं सभोंवार पाहिलें. कबरा कान खाजवीत बसला होता.

जुन्या पोथींत लिहिलें होतें कीं दुसरा मनुष्य न मिळे तर श्वानही जोडीदार चालतो. मग बरजोरजी शेवटचे आंत गेले आणि बाभळीचे जाड ओंडके रचिले आणि वर राख लोटिली आणि म्हणाले, "हुजूर, जन्मभर आपली चाकरी केली. आज रयतेची करतो. माफी मागत नाही, कारण मिळणार नाही." मग बाहेर येऊन कबऱ्यास मयताचें मुख दाखविलें, कारण चार डोळ्यांच्या श्वानाच्या नजरेस नसु भिते, आणि पैवंदाचें एक टोंक आपल्या मनगटास आणि दुसरें कबऱ्याच्या गळ्यास बांधून, सुकल्या काटकीसारखी हलकी झालेली आवांबाई दोहों हातांवर घेऊन टेकडी चढले. कबऱ्यानें वाटेंत एकदांही पैवंदास ओढ दिली नाहीं. भर उन्हांत त्यांनीं तीस गोल दगडी बुरुजांत, दख्म्यांत, पोंचविलें.

मग ते अग्यारीच्या बाहेरल्या ओट्यावर बसले. दिवसांतून पांच वेळां बाहेरूनच अवस्ता म्हणत. घंटा वाजविणार कोणी नव्हतें. धुराड्याकडे पाहत. पहिल्या दिवशीं धूर बरा होता, दुसऱ्या दिवशीं बारीक, तिसऱ्या दिवशीं डोळे ताणून पाहावा लागे. चौथ्या पहाटे, पूल ओलांडावयाच्या वेळेस, तोही थांबला.

त्याच दिवशीं दुपारीं गलबतांतून दोन खांधिये उतरले. थोरला म्हणाला, "वारा पडला, म्हणून उशीर झाला, दस्तूरजी. मय्यत कुठं आहे?"

बरजोरजींनीं आंतल्या दालनाकडे बोट दाखविलें.

येणेंप्रमाणें ती पादशाही बुडाली. आवांबाई आणि पादशहा एकाच पहाटे गेले, त्यांस एकमेकांची सोबत जाहली. बरजोरजी ओट्यावरच राहिले. पैवंदाचें एक टोंक त्यांच्या मनगटास होतें, दुसरें कबऱ्याच्या गळ्यांत, आणि खांधियांनीं सांगूनही त्यांनीं तें सोडिलें नाहीं.