गुलाबरावांचा हिरवा रंग

गुलाबराव आमच्याकडे चहाला आले की कप आधी माझ्याकडे सरकवायचे. "पयले तू, मास्तर." मी घोट घ्यायचा, दोन मिनिटं जिवंत राहून दाखवायचं, मग ते पिणार. अकरा वर्षांचा शेजार, पण भरवसा नाही म्हणजे नाही! माझी बायको तर म्हणायची, "यांना एकदा खरंच काहीतरी घालते."

त्यांचा एकच ट्रक आणि एकच ड्रायव्हर, श्रावण. श्रावणनं गाडी उभी केली रे केली, की हे डिझेलच्या टाकीत काडी बुडवून बघणार. घरात बायकापोरं नाहीत. श्रावणच रांधायचा आणि दोघं समोरासमोर बसून जेवायचे. तिथंही पहिला घास श्रावणचा.

त्या साली ट्रकचं इंजिन बसलं. गुलाबरावांनी कामठी रोडवरच्या एका शेठकडून जुनं इंजिन घेतलं, तीन महिन्यांच्या गॅरंटीवर. शेठनं इंजिनच्या वरच्या नटांवर पिवळा रंग फासला. रंग तुटला म्हणजे इंजिन कोणीतरी उघडलं आणि गॅरंटी खतम, असा त्या बाजाराचा कायदा.

"हा उद्या सोताच रंग खरवडन आन् माह्यावर ढकलन," गुलाबराव मला म्हणाले. शेठचं नख पिवळ्यापर्यंत पोचूच नये म्हणून लगेच सीताबर्डीतून हिरवा रंग आणून त्यांनी पिवळ्यावर दोन जाड थर चढवले.

दुसऱ्याच महिन्यात इंजिन धूर ओकू लागलं. श्रावणनं ट्रक कसाबसा शेठच्या दारात नेला. साक्षीदार म्हणून मलाही सोबत कोंबलं होतं.

शेठनं वाकून पाहिलं. नुसता पिवळा रंग असता तर तेलानं काळा पडून काही कळलंही नसतं, पण त्या जाड हिरव्या थरावर पान्याच्या खुणा इतक्या लख्ख उमटल्या होत्या की मलाही दिसल्या.

"गुलाबराव, तुमची गलती नाही," शेठ गोडीत आला. "ड्रायव्हरनं चांगला माल काढून विकला. तसं लिहून द्या, त्याले हाकला, मी इंजिन बदलून देतो. माह्या दुकानाचं नाव तेवढं साफ राहू द्या."

श्रावणचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, गेली याची नोकरी! चहातही विष शोधणारा माणूस याला कशाला सोडतो?

"पाना म्या लावला," गुलाबराव म्हणाले.

"काहून?" शेठनं विचारलं.

"तुह्यावर भरोसा नव्हता म्हणून!"

गॅरंटी तिथंच संपली. घरी पोचलो, श्रावण चुलीकडे गेला, तेव्हा मी हळूच विचारलं, "तुम्ही कधी उघडलं हो?"

"मी कायले उघडतो? मी तापानं पडलो होतो, तवा यानंच उघडलं. मले तरास नको म्हणून गपचूप दुरुस्त करून राहिला होता बिचारा."

"त्यानं सांगितलं?"

"तो काय सांगते! मी खिडकीतून पाहून राहिलो होतो ना. चार घंटे. एक चकतीबी खिशात घातली नाही त्यानं."

एकशे तीन ताप, आणि हा गृहस्थ खिडकीत उभा! हसावं की पाया पडावं, मला कळेना.

श्रावणनं ताटं मांडली. सवयीनं त्याचा हात आधी घासाकडे गेला. तेवढ्यात गुलाबरावांनी भाकर मोडली, वरणात बुडवली आणि पहिला घास स्वतःच तोंडात टाकला.

"मीठ कोणाले विकलं बे?" ते खेकसले.

श्रावण बाहीनं डोळे पुसत मीठ आणायला उठला.